सरावली नाक्यावरचा फ्लेक्स

फ्लेक्सचा खालचा उजवा कोपरा सुटला होता. कारखान्यांकडे जाणारा टँकर नाक्यावरून गेला की तो कोपरा वाऱ्याने उचलला जाई आणि मागच्या पत्र्याची लाल कड दिसे. टँकर पुढे गेला की कोपरा पुन्हा खाली बसे. सुगंधा भाजीची पिशवी घेऊन ते बघत उभी होती. कोपरा उचलला तरी ‘थांबा’मधला शेवटचा काना तेवढा दिसतो, बाकी काही नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

फ्लेक्सवर अक्षय होता, तिचा मुलगा. मावसभावाच्या लग्नातला फोटो, डोक्याला भगवा फेटा, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि मित्रांची नावं. उन्हाने आधी पिवळा उडाला, मग लाल, निळा टिकला. त्यामुळे फेटा आता निळसर दिसे आणि चेहराही. सुगंधाला मात्र तो अजून भगवाच दिसायचा.

या नाक्यावर गावातला रस्ता औद्योगिक वसाहतीच्या मोठ्या रस्त्याला मिळतो. पाळीवर जाताना अक्षय मोटारसायकलवरून इथेच टँकरखाली आला. थांब म्हणून सांगणारं तेव्हा इथे काही नव्हतं. तो गेल्यावर लोकांनी रस्ता अडवला, अर्ज केले, आणि गावाच्या बाजूला खांब रोवून त्यावर ‘थांबा’ लिहिलेली लाल पाटी बसली. वर्षश्राद्धाला मित्रांनी फ्लेक्स केला तेव्हा तो कुठे लावायचा याची फार चर्चा झाली नाही. खांब त्याच्यामुळे उभा राहिलेला, म्हणून तिथेच. पाटी झाकली जाते, पण चार दिवसांचा तर प्रश्न, असं सगळ्यांनी धरलं. चार दिवसांनी तो काढायचा कोणी, हे मात्र ठरलं नव्हतं. त्यालाही आता दोन पावसाळे होऊन गेले होते.

सुगंधाचा नवरा शिवाजी नोकरीसाठी जतहून इकडे आलेला. तो कामावर जाताना लांबच्या रस्त्याने जायचा. नाक्यावर त्याची नजर ठरत नसे. सुगंधा मात्र काम नसलं तरी इथूनच जायची. खांबापाशी आली की मनातल्या मनात म्हणायची, येते रे.

मागच्या महिन्यात बांधकाम खात्याच्या रूपाली मॅडम नाक्याची पाहणी करायला आल्या होत्या. वयाने अक्षयहून थोड्याच मोठ्या. त्यांनी रस्ता मोजला, आडव्या येणाऱ्या फांद्या छाटायला सांगितल्या, पांढरा पट्टा कुठे मारायचा ते खडूने दाखवलं. फ्लेक्सचं विचारल्यावर अक्षयचा मित्र प्रदीप म्हणाला, ती काकींची गोष्ट हाय, आमी नाय हात लावणार. मग त्या घरी आल्या. चहा घेतला, गावाकडची चौकशी केली, जतला यंदा पाऊस कसा ते विचारलं. निघताना चप्पल घालत एवढंच म्हणाल्या, “काकू, पाटी लांबून दिसली पाहिजे. गाडी थांबायला तेवढी जागा लागते.”

“बघू,” सुगंधा म्हणाली.

पांढरा पट्टा मारून झाला. फांद्या छाटल्या गेल्या. फ्लेक्स होता तिथेच राहिला.

काल दुपारी शाळा सुटायच्या वेळेला ती नाक्यावर नवसीकडून वालाच्या शेंगा घेत होती. नवसी डोंगराकडच्या पाड्यावरून येऊन रोज खांबाजवळ भाजीची टोपली मांडायची. तेवढ्यात गावातून एक स्कूटर आली. पुढे उभी गणवेशातली मुलगी, मागे तिचा बाप. तो न थांबता सरळ मोठ्या रस्त्यावर गेला. टँकरवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि टँकर स्कूटरपासून हातभर अंतरावर उभा राहिला. कोणाला काही झालं नाही. टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून हिंदीत बोलत राहिला. बापाने मुलीला उतरवून कडेला घेतलं. तो या भागात नवा होता. त्याने रिक्षावाल्यांना विचारलं, “इथे एखादी पाटी लावता येत नाही का कोणाला?”

रिक्षावाले खाली बघत होते. पानवाला अडकित्त्याने सुपारी कातरत राहिला. नवसीने शेंगांचं माप उगीचच दुसऱ्यांदा भरलं. सुगंधा तिथे उभी होती म्हणूनच सगळे गप्प होते. म्हणजे पाटी झाकली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिच्यासाठी सगळे सांभाळून घेत होते. मुलीच्या एका पायातला बूट निसटला होता आणि ती तसाच एक पाय उचलून उभी होती.

रात्री जेवताना तिने शिवाजीला सगळं सांगितलं. भात कालवत त्याने विचारलं,

“पोरगी केवढी होती?”

“दुसरी-तिसरीतली असेल.”

“तू म्हणशील तसं करू,” तो म्हणाला. “मला तर तिकडं बघवत पण नाही.”

या वेळी सुगंधा ‘बघू’ म्हणाली नाही.

आज सकाळी प्रदीप शिडी घेऊन आला होता. कोपरा सुटल्याचं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. नेहमी असंच व्हायचं. दोरी सुटली की तो येऊन बांधून जायचा. त्याने खिशातून नायलॉनची नवी दोरी काढली तशी नवसी हसली.

“एवढी घट्ट गाठ लग्नात मार रे. बायको पळायची नाय.”

“आदी भेटूं तर दे, मावशी,” प्रदीप म्हणाला आणि वर चढला. “काकी, शिडी धरा जरा.”

सुगंधाने पिशवी खाली ठेवून शिडी धरली. दोन्ही हातांना गार लोखंड लागलं. वर प्रदीपने कोपरा ओढून धरला. लाल कड झाकली गेली. इतक्या जवळून, खालून बघताना अक्षयचा चेहरा चेहरा वाटतच नव्हता. बारीक निळे ठिपके होते नुसते. गावाच्या रस्त्याने शाळेची रिक्षा येत होती, दप्तरं बाहेर लटकलेली.

“घट्ट बांधतो, काकी. आता पावसाळ्यापरयंत बगायला नको.”

“प्रदीप,” ती म्हणाली. “बांधू नकोस. बाकीच्या दोऱ्याही सोड आणि खाली दे माझ्याकडे. मी त्याला घरी नेते.”