पुष्पाबाईचं वावर

मुलगी यायच्या आदल्या दिवशी उत्तमरावांनी बियाण्याचं मडकं ओढलं, वरची राख बाजूला सारली आणि कापडात गुंडाळलेला फोन बाहेर काढला.

फोन त्यांच्या बायकोचा, पुष्पाबाईचा. त्यात तिचं वावर होतं. खेळातलं, पण तिच्या मनासारखं. खऱ्या वावरात या बांधापासून त्या बांधापर्यंत बीटी कपाशी. तिथे तिला चार दाणे टाकायलाही जागा नव्हती. फोनमध्ये तिनं ज्वारी लावली, कडेनं तीळ, विहिरीजवळ एक सीताफळ. गोठ्यातल्या गायींना नणंदांची नावं दिली. दुपारी दारात बसून ती नणंदांना चारा घालायची आणि एकटीच हसायची.

ती गेल्यावर उत्तमरावांनी दोन-चारदा तो खेळ उघडला. पण बोट लागलं की काहीतरी बदलायचं. एकदा ज्वारीच कापली गेली. असं चाललं तर तिच्या हातचं काही उरायचं नाही, या भीतीनं त्यांना चैन पडेना. कपाशीचं बियाणं दरसाल पाकिटातून यायचं, पण पूर्वी वावरात ज्वारी-तूर असायची तेव्हा घरचं बी पुष्पाबाई राखेत ठेवायची. त्याला कीड लागत नसे. उत्तमरावांनी फोन बंद केला आणि तसाच राखेत ठेवून दिला. आता वर्षश्राद्धाला करिष्मा येणार होती. तिला आईचं वावर दाखवायचं होतं.

चार्जर लावला. खेळाच्या चित्रावर बोट ठेवलं. पडदा पांढरा झाला, मधोमध इंग्रजीत दोन ओळी. त्यांनी फोन अंगणात नेला, मग रस्त्यावर नेला. तेच.

चहा तसाच टाकून ते अमडापूरच्या बाजारात नौशादच्या मोबाइलच्या दुकानात गेले.

"कंपनीनं खेळ बंद केला, काका," नौशाद वाचून म्हणाला.

"कोणाले इचारून?"

"इचारत नसतात. कळवलं होतं त्यायनं. हे पाहा, जुने मेसेज आता एकदम आले. फोन चालू काऊन नव्हता? फोटो तरी काढून देल्ले असते मी."

राखेचं सांगायला उत्तमरावांची जीभ रेटेना. ते म्हणाले, "फुकटचा होता का खेळ? तुह्याच दुकानात पैसे देल्ले तिनं, कापूस वेचणीचे. तूच भरले कंपनीले."

"हाव, भरले. पण ती खेळाची परवानगी झाली. मालकी नाही. अटीत लिहेल अस्ते. वाचते कोण? मी बी नाही वाचलं."

"मंग 'विकत घ्या' काऊन लिहितात बे? 'किरायानं घ्या' लिहाव ना."

"तुम्ही बीटीचं पाकीट आणता, त्याची सरकी पुढच्या साली पेरता का? नवीनच आणता ना? तसंच समजा."

बाकावरचं गिऱ्हाईक हसलं.

"नाही पेरत," उत्तमराव म्हणाले. "पण औंदा बोंडअळीनं सारं खाल्लं, तरी पऱ्हाटी माह्या वावरात उभी हाये. कंपनीवाला येऊन उपटून नाही नेत. इथं त उभं पीक नेलं, विहिरीसकट!"

नौशादनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"बुलडाण्याले ग्राहक मंच हाये. मी येतो संगं. पैसे वापस भेटतीन कदाचित."

"पैशाचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी करिष्मा आली. त्यांनी सगळं सांगितलं.

"राखेत? बाबा, फोन राखेत ठेवला?" ती हसत सुटली, आणि हसता हसताच उठून आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा उत्तमराव अंगणात काडीनं रेघा मारत होते. "पैसे नको, पण काय नेलं ते मंचात सांगा लागन. तुले दाखवे ती. सांग, काय कुठं होतं?"

ज्वारीचं जमलं. तिळाचं जमलं. सीताफळापाशी अडलं.

"विहिरीच्या उगवतीले," उत्तमराव म्हणाले.

"मावळतीले होतं, बाबा. आई म्हणे, सावली गोठ्यावर पडते."

"तुले नाही माईत. मी रोज पाहो."

"तुम्ही? तुम्ही त बातम्या पाहत."

ते फाटकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. उगवतीला एक गोल काढला, पायानं पुसला.

"दोन्हीकडं काढा," करिष्मा म्हणाली.

"दोन नव्हते. एकच होतं." त्यांनी काडी फेकली. "नौशादले फोन लाव. उद्या पहिल्या गाडीनं निघू म्हणा."

"अन् झाडाचं काय सांगान?"

"एक झाड होतं, सांगतो. कुठं होतं ते कंपनीवाल्यायपाशी हाये. त्यायनंच दाखवाव."