न जोडलेल्या रिमोटचा सूड

मी एक जुना रिमोट आहे. व्हिडिओ गेमचा! टीव्हीच्या रिमोटशी माझी गल्लत करू नका, मला राग येतो. आणि मला राग फार येतो, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात म्हणे. मित्रांनो, माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यात मी जन्मलो तेव्हा मात्र अगदी गुणी होतो. एका यंत्राने माझं एकेक बटण दाबून पाहिलं. तपासणाऱ्या ताईंनी मला उलटसुलट केलं, "हा चांगला" म्हणाल्या आणि माझ्या जुळ्या भावाशेजारी खोक्यात निजवलं. खोकं ज्या घरी गेलं तिथेही दोन मुलं होती. वाटलं, वा, जोडी जमली!

मोठा दादा. धाकटीचं खरं नाव मला कितीतरी दिवस कळलंच नाही, कारण दादा तिला घोरपड म्हणायचा. एखादी गोष्ट धरली की ती सोडत नाही म्हणून. पहिल्याच दिवशी तिने मला धरलं. "मी पण! मी पण खेळणार!"

दादाने माझ्या भावाची वायर गेमच्या डब्यात खुपसली. माझी वायर त्याने टेबलामागे नुसती सोडून दिली आणि मला तिच्या हातात देत म्हणाला, "घे बाई. निळी गाडी तुझी."

शर्यत सुरू झाली. लाल गाडी दादा चालवत होता. निळी गाडी गेम स्वतःच चालवत होता! आणि घोरपड? ती जीव तोडून माझी बटणं दाबत होती. गाडी डावीकडे वळली की तीही सोफ्यावर डावीकडे कलायची. निळी जिंकली की घरभर नाचायची, हरली की उशीत तोंड खुपसायची. दादा आणि त्याचा मित्र लंबू एकमेकांना कोपरं मारून खिदळायचे.

तिने दाबलेलं प्रत्येक बटण माझ्या वायरीतून धावत जायचं आणि टेबलामागच्या धुळीत तोंडावर आपटायचं. मला ओरडता आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी बिघडलेलो नव्हतो हो! मला कुणी जोडलंच नव्हतं. वर्षभर हेच. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की ती त्यांना सांगायची, "मी काय गाडी चालवते माहितीये!" ते ऐकून दादाला हसून हसून ठसका लागायचा. तो प्रत्येक ठसका मी मनात जपून ठेवला आहे.

एकदा शर्यत ऐन रंगात आली असताना आई टेबलामागे झाडत होती. झाडूबरोबर माझं टोक बाहेर आलं, जळमटांसकट.

"अगं, हे कुठे लावलेलंच नाहीये," आई म्हणाली.

घोरपडीने हात थांबवले. माझ्या टोकाकडे पाहिलं. मग पडद्याकडे. निळी गाडी झोकात वळण घेत होती, तिच्याविना.

"गंमत होती गं," दादा म्हणाला.

आता ही रडणार, असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. तिने माझं टोक फ्रॉकला पुसलं आणि स्वतःच्या हाताने डब्यात खुपसलं. खट्! मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगातून जी शिरशिरी गेली, ती निव्वळ विजेची नव्हती. त्या क्षणापासून आम्ही दोघं एका सुडाचे भागीदार झालो.

पण सूड घ्यायचा तर खेळता यायला हवं ना? आमची गाडी पहिल्या वळणावर भिंतीत. दुसऱ्यांदाही भिंतीत. वर्षभर बटणं दाबून तिला शून्य येत होतं, कारण तिच्या एकाही चुकीला गेमने कधी उत्तर दिलं नव्हतं. आता उत्तर लगेच मिळत होतं. धाडकन!

त्याच सुमारास, हे मला तिच्याच तोंडून कळलं, शाळेत विज्ञानाच्या बाईंनी संगणकावर पूल बांधायचा गेम आणला. त्यांचा नियम होता, पूल पडला तरी चालेल, पण का पडला ते सांगता आलं पाहिजे. घोरपडीच्या गटात एका मुलाने माउस बळकावला आणि बाकीचे बघत बसले. ही ताडकन उठली. "बाई, नुसतं बघून येत नाही. मी वर्षभर बघितलंय!" बाईंना त्यामागची कथा ठाऊक नव्हती, पण त्यांनी पाळ्या लावल्या. हिचा पूल मधोमध वाकला, कोसळला, मग तिने खाली तिरके आधार दिले आणि ट्रक डौलात पलीकडे गेला.

घरी येऊन तिने तीच युक्ती माझ्यावर लावली. गाडी आपटली की मोठ्याने कारण सांगायचं. "ब्रेक उशिरा." धाडकन! "घाई केली." धाडकन! "लाल गाडीकडे बघत बसले."

"अभ्यास सोडून हे काय चाललंय?" आईने विचारलं.

"अभ्यासच चाललाय, आई. विषय आहे दादा."

आई हसली, पण गृहपाठाची वही पाहिल्याशिवाय काही तिने आम्हाला खेळू दिलं नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी लंबू आला. घोरपड म्हणाली, "आज लाल गाडी माझी. दादा, तू निळी घे."

"रडशील हं, घोरपडे," लंबू म्हणाला.

"रुमाल आणलाय. दादासाठी."

तिने माझा भाऊ उचलला आणि मला दादाच्या हातात दिलं. मी! त्याच्या हातात! मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या रिमोटला अडायला कितीसं लागतं? एक बटण जरा रुसलं की निळी गाडी भिंतीत. वर्षभर मी याच घटकेची वाट पाहत होतो. शेवटच्या फेरीत दोन्ही गाड्या अगदी अंगाला अंग लावून धावत होत्या. पुढे एक अवघड वळण होतं. दादाचा अंगठा घामाने ओला झाला होता. अडू? अडू का?

पण मी अडलो तर दादा म्हणणार, रिमोट खराब होता. आणि तिला स्वतःलाही कधी कळणार नाही, की आपण जिंकलो की रिमोट बिघडला म्हणून जिंकलो. आधीच एक वर्ष तिला खोटंच मिळालं होतं. छे! मी आयुष्यात कधी चाललो नसेन इतका नीट चाललो. दादाने ब्रेक दाबला त्याच क्षणी मी तो पोचवला. फक्त त्याने तो उशिरा दाबला होता. तिने वेळेवर दाबला होता.

लाल गाडी पुढे सटकली आणि रेषेपार गेली. लंबूचा आ वासलेलाच राहिला.

"हा रिमोटच बिघडलाय!" दादा किंचाळला.

"दे बघू." तिने मला हातात घेतलं आणि एकेक बटण दाबलं. निळी गाडी पुढे गेली, मागे आली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली. शहाण्या बाळासारखी! "रिमोट ठणठणीत आहे, दादा. सगळं तूच केलंस."

दादाचे कान लाल झाले. लंबू हसला, या वेळी दादाला. तो आवाज इतका गोड होता की काय सांगू!

माफ? मुळीच केलेलं नाही. मित्रांनो, आम्हाला चिकट हातांनी धरू नका, आमच्या वायरी मुरगळू नका, रागाने आम्हाला आपटू नका, हे तर कुठलाही रिमोट सांगेल. मी आणखी एक सांगतो. लहानांच्या हातात खोटं काही देऊन हसत बसू नका. ती मोठी होतात. आणि त्याआधी भरपूर सराव करतात.