विश्रांतीची नोंद

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या त्या कक्षात सगळे तिला ताई म्हणत. समोर तीन स्क्रीन, कानात कुणाची तरी रडारड, बोटं कीबोर्डवर. शेजारच्या खुर्चीवर जोडीदारीण नसती, तर तिने केव्हाच हात टेकले असते. पण साहेबांच्या मनात आलं होतं, एका टेबलाला एकच बाई पुरे. "ताण खरंच पडतो का, मोजून घेऊ," ते म्हणाले. जणू आजवर या बायका हौसेनेच थकत होत्या.

म्हणून संशोधक मुलगी मेंदूची धावपळ मोजणारी तारांची टोपी घेऊन आली. तिने ताईच्या केसांत गार, चिकट जेल भरलं.

"ताई, आधी डोळे मिटून नुसतं शांत बसायचं. ही झाली विश्रांतीची नोंद. मग काम करा. कामाच्या नोंदीतून ही वजा केली, की उरेल तो कामाचा भार."

ताईने डोळे मिटले. सासूबाईंना दुपारची गोळी शेजारीण देईल ना? विसरली तर? गॅस बंद केला होता का? पोरगी तापातच शाळेत गेली. आपण तरी कसं जाऊ दिलं!

"किती छान बसलात!" मुलगी म्हणाली.

मग फोन सुरू झाले. कुणी जिन्यावरून पडलेला, कुणाचं बाळ निपचित. ताईने पत्ते काढले, गाड्या पाठवल्या, आयांना धीर दिला.

साहेबांनी आकडे पाहिले. "बघा! कामात आणि विश्रांतीत जेमतेम फरक. ताईंना हा डाव्या हातचा मळ. दुसरी खुर्ची कशाला?"

जोडीदारीण पुढचा फोन घ्यायला वळली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी मात्र स्क्रीनवर उंच चढलेल्या विश्रांतीच्या रेघेकडेच बघत होती. "ताई, शांत बसलात तेव्हा डोक्यात काय होतं?"

"काय असणार? घरचंच."

"साहेब, ही नोंद पुन्हा घ्यायला हवी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "घ्या. पण शेवटची."

ताईने पुन्हा डोळे मिटले. जोडीदारणीसाठी तरी जमायलाच हवं होतं. तिने गोळी बाजूला सारली, गॅस सारला, तापसुद्धा सारला. रिकाम्या जागेत जोडीदारणीची खुर्ची येऊन बसली. आपण नीट विसावलो नाही, तर तिची नोकरी जाणार.

रेघ खाली येईना. मुलीने हलकेच विचारलं, "ताई, असं रिकाम्या डोक्याने शेवटचं कधी बसला होतात? तेच आठवा."

ताई मनापासून आठवू लागली. रेघ आणखी वर चढली.