बाबा गोलाबाहेर राहिले

मित्रांनो, माझं वय विचारू नका. मी एक गोल आहे आणि कामाने पार थकलो आहे, एवढं कळलं तरी पुरे. कॉम्प्युटरमधला गोल कसा थकेल, असं तुम्ही म्हणाल. पण थकायला हाडंच लागतात असं थोडंच आहे?

माझा जन्म धाकटीच्या टेबलावर झाला. या घरात दोन बहिणी. थोरली लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलेली, धाकटी आईबाबांजवळ. धाकटीला कॉम्प्युटरवर आठवणींची पानं करायचा नाद लागला. घरचे फोटो घ्यायचे, त्यांना निरनिराळे आकार द्यायचे, मागे रंगीत कागद घालायचा, खाली दोन ओळी लिहायच्या. पहिल्याच दिवशी तिने मला हाताने काढलं आणि मी डाव्या अंगाला जरा चेपलेला निघालो. तिने दोष माऊसला दिला. नाचता येईना अंगण वाकडं! पुढे मात्र तिला माझं हे चेपलेपणच आवडायला लागलं.

माझं काम सोपं होतं. ती एखादा फोटो माझ्या अंगावर ठेवी आणि क्लिपिंग मास्कची आज्ञा देई. मग माझ्या आत पडेल तेवढाच फोटो दिसे, बाहेरचा झाकला जाई. कापला जात नसे बरं का, नुसता झाकला जाई. फोटो जरा सरकवला की झाकलेलं पुन्हा पुढे येई. सुरुवातीला मला याची मोठी ऐट वाटायची.

तिच्याकडे चौकोन होते, चांदण्या होत्या, एक बदाम होता. पण तिचा जीव माझ्यावर. वाढदिवस आला की गोल, सहल झाली की गोल, थोरलीच्या मुलाचा दात पडला तरी गोल. प्रत्येक पानावर ती माझी नक्कल नेऊन ठेवी. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा मी फिरत राहिलो. नातेवाईक पानं बघून म्हणत, मुलं किती गोड दिसतात. गोल चांगला आहे असं एकानेही म्हटलं नाही. त्याचंही आता काही वाटत नाही.

ती पान करायला बसली की बाबा तिच्या खुर्चीमागे उभे राहत. फोटोत ते नेहमी कडेलाच असत, हातात सगळ्यांचं सामान घेऊन. धाकटी मला ओढून त्यांच्यापर्यंत मोठं करू लागली की ते पडद्यावर बोट ठेवून मला मागे सारायला सांगत. म्हणत, "मला कशाला घेतेस? पोरं दिसू देत." आणि मी पोरांवर जाऊन बसे. वर्षानुवर्षं असंच चाललं.

तो कॉम्प्युटरही माझ्यासारखाच दमलेला होता. पान जड झालं की तो घुम्यासारखा बसून राही. म्हणून धाकटीने एक सवय लावून घेतली. पान पुरं झालं की ती सगळे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले फोटो, आकार आणि कागदांचे थर, एकत्र करून टाकी. पान हलकं होई आणि कॉम्प्युटर सुटकेचा श्वास टाकी. पण मित्रांनो, लेयर एक झाले की झाकलेलं असं काही उरतच नाही. जे दिसतं तेवढंच राहतं, बाकीचं जातं ते कायमचं. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मूळ फोटो आपल्या फोनमध्ये आहेत, या भरवशावर ती निर्धास्त होती. तो फोन एके दिवशी पाण्याच्या बादलीत पडला आणि पुन्हा सुरू झालाच नाही.

त्याच वर्षी बाबा गेले.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. ओळखपत्रावरचा एक होता, त्यात ते कुणावर तरी चिडल्यासारखे दिसत. आईने तो उलटा करून ठेवला. तिला त्यांचा हसरा चेहरा हवा होता, दुसरं काही ती मागत नव्हती. मग दोघी बहिणी कॉम्प्युटरसमोर बसल्या. पान उघडायचं, की मी आणि माझ्यात पोरं. दुसरं उघडायचं, तरी तेच.

थोरली म्हणाली, "अगं, बाहेरचं झाकलेलंच असतं ना? मग उघड की."

"सगळं एक करून टाकलंय मी," धाकटी म्हणाली. "बाहेरचं राहिलंच नाही. बाबांना मीच पुसलंय, ताई."

ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मला हात असता तर मी तो तिच्या पाठीवर ठेवला असता. पण मी फक्त गोल होतो.

थोरलीने चिकाटी सोडली नाही. एकेक फोल्डर उघडत ती एका अर्धवट पानापाशी पोचली. त्या पानाच्या वेळी कॉम्प्युटर मधेच बंद पडला होता आणि धाकटीने वैतागून नवं पान केलं होतं. हे तसंच पडून राहिलं होतं, लेयर सुटे असलेलं. धाकटीने डोळे पुसले आणि फोटो माझ्यापासून मोकळा केला.

तळ्याकाठची सहल होती ती. मधे आई, दोघी मुली, पोरं. कडेला बाबा, दोन्ही हातांत सगळ्यांच्या चपला. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. घरच्या माणसांकडे बघून ते तोंडभर हसत होते.

आईला बोलावलं. ती खुर्ची ओढून पडद्याजवळ बसली.

धाकटीने सवयीने मला उचललं आणि बाबांच्या चेहऱ्यावर आणलं. म्हणाली, "आई, चेहरा तेवढा गोलात घेते. चपला दिसायच्या नाहीत."

"नको," आई म्हणाली. "ते आपल्याकडे बघून हसतायत. आपल्याला बाहेर काढलंस तर ते हसतील कुणाकडे बघून?"

धाकटीने मला काढून टाकलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच हलकं वाटलं. मी आता फार काही मागत नाही. पानं सजवा, गोल काढा, बदाम काढा, पण मूळ फोटो जपून ठेवा आणि लेयर एक करायची घाई करू नका. कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाला जागा तरी कितीशी लागते?