बाटलीतला जीव आणि देवापुढचं पाणी

जीव पहिल्यांदा कसा आला हे ज्याला शोधायचं आहे, त्यानं जन्मदात्या आईला प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देऊ नये. एवढं साधं शहाणपण बाटलीवाल्या डॉक्टरला नव्हतं. बाकी शहाणपण पोत्यानं होतं, पण ते काय चाटायचंय?

डॉक्टर म्हणजे औषध देणारा नव्हे. एका जुन्या संस्थेच्या तळमजल्यावर, अगदी मागच्या खोलीत, त्याची एक भलीमोठी काचेची बाटली होती. बाटलीत कोमट पाणी, पाण्यात थोडे क्षार, वर थोडे वायू, आणि त्यांत दिवसभर विजेच्या ठिणग्या पडत. पृथ्वी तरुण असताना अशाच पाण्यात आपोआप जीव आला असणार, असं त्याचं म्हणणं. आता तो बाटलीत आला की झालं. पण येईल तर शपथ! वर्षानुवर्षं पाणी नुसतं पिवळं पडत होतं आणि डॉक्टरचं डोकं पांढरं.

घरी तो आणि आई, दोघंच. आई देवभोळी, पण भोळी अजिबात नाही. तिची जगाच्या सुरुवातीची गोष्ट ठरलेली होती. आधी सगळीकडे नुसतं पाणी होतं, देवाला एकट्याला करमेना, म्हणून त्यानं पाण्यावर फुंकर घातली आणि पाण्यात काहीतरी वळवळलं. डॉक्टर घास हातात धरून समजावायचा की फुंकर वगैरे काही नव्हती, आधी सगळीकडे पाणी होतं हे बरोबर, वरून विजा पडल्या आणि पाण्यात काहीतरी वळवळलं.

"मग माझंच सांगतोयस की," आई म्हणायची. "फक्त फुंकर घालणाऱ्याचं नाव गाळलंस. जेव आता."

हे भांडण रोजचं. त्यात कुणी हरत नव्हतं आणि भाजी मात्र गार होत होती.

खरा घोर वेगळाच होता. विभागप्रमुख बाईंनी त्याला बोलावून सांगितलं होतं की तपासणी समिती येतेय, आणि तिला दाखवायला पिवळ्या पाण्यापलीकडे काही नसेल तर खोली शेजारच्या बर्फवाल्या सरांना जाईल. बर्फवाले सर काय काय गोठवून ठेवायचे देव जाणे, पण त्यांना आणखी एक कपाटाएवढा फ्रीज ठेवायला जागा हवी होती. खोली गेली की बाटली गेली, आणि बाटली गेली की डॉक्टरनं करायचं काय? त्याला दुसरं काही येतच नव्हतं. त्याची झोप उडाली. तो जेवताना भांडेनासा झाला, तेव्हा आईनं खोदून खोदून खोलीचं सगळं त्याच्याकडून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन संस्थेत हजर. डॉक्टरनं तिला बाटली दाखवली. आईनं आपल्या कामात लक्ष घातलं की कोणता मुलगा फुगत नाही? तोही फुगला. ठिणग्या दाखवल्या, वायूंच्या नळ्या दाखवल्या, बुचातली बारीक तोटी दाखवली आणि इथून थेंब तपासायला काढतो म्हणाला. आईनं विचारलं, म्हणजे इथून थेंब आतही जात असेल? जाईल, पण जाऊ द्यायचा नाही, असं म्हणून डॉक्टर हसला. तेवढ्यात त्याला दारात बर्फवाले सर दिसले. हातात मोजपट्टी घेऊन ते उंबऱ्याची रुंदी घेत होते. डॉक्टरचं टाळकं सरकलं. त्यांना हाकलायला तो बाहेर गेला, आणि व्हरांड्यात दोघांची चांगलीच जुंपली.

परत आला तेव्हा आई शहाण्यासारखी हात मांडीवर ठेवून बसली होती.

त्यानंतर काही दिवसांनी बाटलीतलं पाणी गढूळ झालं. डॉक्टरनं एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. थेंबात जीव होता! एक नाही, गर्दी होती. त्यातल्या काहींना शेपट्या होत्या आणि त्या हलवत ते इकडून तिकडे असे पळत होते की जणू बाजारच भरलाय. डॉक्टर एकटाच खोलीत नाचला. मग बाईंना ओढून आणलं.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. त्या हुरळून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की पृथ्वीवरचा पहिला जीव, आणि आल्या आल्या त्याला शेपटी? पोहायला कुठे शिकला? मग चष्मा काढून त्यांनी बाटलीला कुणी हात लावला होता का, ते विचारलं.

"कुणीही नाही," डॉक्टर म्हणाला. "आईशप्पथ."

समिती उद्याच येणार होती. बाई म्हणाल्या, ठीक आहे, उद्या तूच सांग.

घरी येईपर्यंत त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यानं दारातूनच आईला बातमी दिली. आईनं टाळी वाजवली, देवाकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "लागू पडलं म्हणायचं."

डॉक्टरची एक चप्पल पायात, एक हातात. काय लागू पडलं, असं त्यानं हळूच विचारलं.

तर देवापुढचं पाणी. आई रोज सकाळी देवापुढे वाटीभर पाणी ठेवायची. तापाला तेच, परीक्षेला तेच, रुसलेल्या शिवणयंत्रालाही तेच. त्यातलं थोडं तिनं डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलं होतं आणि तोटीतून आत सोडलं होतं. फार नाही, चार थेंब. बाटली धुवून घेतली होती, हेही तिनं अभिमानानं सांगितलं.

डॉक्टर मटकन खाली बसला. तेल गेलं, तूपही गेलं, आणि हाती काय आलं, तर वाटीतले किडे! तो आईला नाही नाही ते बोलला. तू माझं वाटोळं केलंस म्हणाला. देवाशिवाय जीव येतो हेच दाखवायचं होतं ना मला, आणि तू त्यात देवच ओतलास, असंही म्हणाला.

आईनं सगळं ऐकून घेतलं.

"ते का मला कळत नाही? मी त्याला तसंच सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, देवा, तुझ्याशिवाय जमतं हे सिद्ध करायला माझ्या पोराला मदत कर. तुझं नाव नाही आलं तरी चालेल. त्याची खोली जाऊ देऊ नकोस."

डॉक्टर चप्पल हातात धरून बसून राहिला. आयुष्यभर तो ज्याच्याशी भांडत होता, त्याच्याकडे त्याच्याच विरुद्ध वशिला लावणारी आई समोर उभी होती. त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली.

पाणी पाजल्यावर आईनं सुचवलं की ती कुणाला सांगणार नाही, आणि देवही काही चहाडखोर नाही. डॉक्टरला मोह झाला नाही असं कोण म्हणेल? चांगला सकाळपर्यंत होत होता.

पण समितीच्या अध्यक्षांनी हा जीव आला कुठून असं विचारलं, तेव्हा खोटं काही जिभेवर येईना. तो म्हणाला, आईच्या डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीतून. मग सगळंच सांगितलं. समिती एवढी हसली की एका सदस्याला बाहेर न्यावं लागलं. निकाल असा लागला की खरं बोलल्याबद्दल अर्धी खोली ठेवावी आणि अर्धीत फ्रीज यावा. निघताना विभागप्रमुख बाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, की ते पाणी थोडं उरलंय का, त्यांचा गुडघा फार दुखतो.

संध्याकाळी डॉक्टर घुर्र घुर्र करणाऱ्या फ्रीजशेजारी उकिडवा बसून बाटली रिकामी करत होता. आई दाराबाहेर स्टुलावर. आत यायची तिला बंदी होती आणि ती तिनं मुकाट्यानं मानली होती. इतक्या वर्षांचं पाणी मोरीत चाललेलं बघून डॉक्टरचा धीर सुटला. आता हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं?

"एवढी ओळख आहे तुझी," तो मान वर न करता म्हणाला, "तर विचार की तुझ्या देवाला, पाणी किती कोमट ठेवलं होतं."

"कालच विचारलं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, आठवत नाही. पण पहिल्या खेपेला त्यालाही जमलं नव्हतं."

डॉक्टरनं मान वर केली. फ्रीज घुरघुरत होता.

"मग काय केलं त्यानं?"

"करतो काय?" आई म्हणाली. "पाणी ओतून दिलं, भांडं घासलं आणि पुन्हा बसला."