नावाडिणीचं गाणं

हळू चाल माझ्या होडी, पाणी निजलं निजलं,
पैल काठाचं गवत वाट पाहून भिजलं.

हा आवाज त्याच्या कानात कितीतरी वर्षं मुक्कामाला होता. थोडा घोगरा, थोडा दमलेला, ओळीच्या शेवटी रेंगाळणारा. एखाद्या माणसानं निघता निघता काहीतरी आठवून उंबऱ्यातच उभं राहावं तसा. तो कुणाचा, याविषयी त्याला कधी शंका आली नव्हती. 'नदीपार' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये एक म्हातारी नावाडीण होती. हरवलेल्या शेळ्या शोधत हिंडणारी एक मुलगी तिच्या होडीत बसून या काठावरून त्या काठाला जायची. होडी संथ चालायची आणि नावाडीण गायची. हे त्याच्या मनात लहानपणी पाठ केलेल्या पाढ्यासारखं पक्कं बसलेलं होतं.

गेम खेळायचे, त्यांच्यावर लिहायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. त्यावरून कचेरीत सगळे त्याला मास्तर म्हणत. कचेरी म्हणजे एक लांबट खोली. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून पडदे दिवसाही ओढलेले, जमिनीवर वायरींचं जाळं, आणि प्रत्येक टेबलावर कालच्या चहाचा कप. तिथला एक रिवाज होता: ज्यानं पहिला भाग तपासला, त्याच्याकडेच दुसरा द्यायचा. संपादकबाई म्हणायच्या, "जो बारशाला जेवलाय, त्यालाच पोर किती वाढलं ते कळतं."

म्हणून 'नदीपार'चा दुसरा भाग आला तो सरळ मास्तरच्या टेबलावर. तो आठवडाभर खेळला. नदी आता जास्त खरी दिसत होती, शेळ्या शहाण्या झाल्या होत्या, होडी तर निघाली म्हणेपर्यंत पैलतीराला लागत होती. पण नावाडीण गप्प. तो दरवेळी होडीत बसला की कान टवकारायचा, आणि दरवेळी काठ यायचा, गाणं यायचं नाही.

त्यानं लिहिलं: 'पहिल्या भागातली नावाडीण गायची. तो आवाज गेला आणि नदी ओकीबोकी झाली. आता उरलंय ते नुसतं पाणी.' आणि खाली मार्क दिले, सहा.

छापायला देण्याआधी लेख बायकोला वाचून दाखवायचा, ही घरची जुनी रीत. ती शिवणकाम करायची. लग्नानंतर एका खोलीच्या घरात बसून दुसऱ्यांची काज-बटणं करायची. आता रस्त्यापलीकडे तिचा स्वतःचा कारखाना होता, लहानसाच, पण पाटी तिची. त्या दुपारी ती जेवणाच्या टेबलावर कापड पसरून कापत होती. तो वाचत गेला. नावाडिणीच्या ओळीशी कात्री थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"कसं झालंय?"

"बरं आहे," ती म्हणाली. "'परंतु' फार झालेत. चार तरी काढ."

त्यानं चार 'परंतु' काढले आणि लेख पाठवून दिला.

लेख आला आणि दोनच दिवसांत गंमत झाली. एकानं सूर लावला की बाकीचे री ओढतात, तसं दुसऱ्या तीन ठिकाणच्या समीक्षकांनीही लिहिलं की नावाडिणीचं गाणं काढून टाकणं ही या भागाची मोठी चूक. एकानं तर 'काळजाला हात घालणारे ते सूर' अशी आठवणही काढली. खेळणारे लोक चवताळले. 'गाणं परत आणा' म्हणून कलकलाट सुरू झाला.

कचेरीत एक नवी मुलगी होती. सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून तिला धाकटी म्हणत. ती पहिला भाग खेळलीच नव्हती. थेट दुसरा खेळली आणि त्याच्या प्रेमात पडली.

"मास्तर, एक बोलू? रागवायचं नाही."

"रागवलो तर काय करशील?"

"तरी बोलेन."

"मग विचारतेस कशाला? बोल."

"दुसऱ्या भागाचं नशीब हे दुसरेपणावर दिलेल्या मुलीसारखं असतं," धाकटी म्हणाली. "बिचारी मन लावून स्वयंपाक करते. चांगला झाला तर सासू म्हणते, पहिलीच्या हाताला अशीच चव होती. बिघडला तर म्हणते, पहिलीचं असं कधी झालं नाही. तुम्ही पहिलीचा फोटो समोर टांगून जेवायला बसलात."

शेजारच्या टेबलावरचे हसले. मास्तरही हसला. "अगं, पण पहिली खरंच सुगरण होती, त्याला मी काय करू?"

"असेल. पण मी तुमचा तेव्हाचा रिव्ह्यू काढून वाचला. पाण्याचं कौतुक आहे, शेळ्यांचं आहे. गाण्याचा एक शब्द नाही."

"राहिला असेल लिहायचा."

"तुमच्याकडून?" असं म्हणून धाकटी आपल्या खुर्चीकडे गेली.

त्याच दिवशी फोन आला. 'नदीपार' करणारी मंडळी मोजून पाच. दोन खोल्यांत काम करणारी. त्यातली संगीत करणारी बाई बोलत होती. तिचा आवाज इतका नम्र होता की मास्तरला उगाचच खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं.

"तक्रार करायला फोन नाही केला हं. मत तुमचं, मार्क तुमचे. फक्त एक विचारायचं होतं. ते गाणं आम्हाला सापडत नाहीये."

"म्हणजे?"

"पहिल्या भागाचं सगळं संगीत मीच केलं. नावाडिणीला मी गाणं दिलंच नव्हतं. तेव्हा गाणाऱ्याला द्यायला काही नव्हतं आमच्याकडे. वल्ह्यांचा आवाज तेवढा होता, तोही आमच्या घरातल्या बादलीत काढलेला. पण चार जणांनी लिहिलंय म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं, मी विसरले की काय. सगळं उपसून पाहिलं. तुमच्याकडे असेल तर पाठवाल का? लोकांना हवंय. आणि खरं सांगायचं तर... तिसरा भाग करायला द्यायचा की नाही, ते आमचे मालक या मार्कांची सरासरी बघून ठरवणार आहेत. गाणं सापडलं तर घालून टाकू, म्हणजे निदान तेवढा एक बोल तरी जाईल."

"बघतो," मास्तर म्हणाला.

रविवारी बायको कारखान्यात गेली होती. हंगामाचं काम होतं. त्यानं माळ्यावरून गेम खेळायचं जुनं यंत्र काढलं, फडक्यानं पुसलं आणि पहिला भाग लावला. ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं.

पहिली गोष्ट त्याला कळली ती ही, की गेम त्याच्या आठवणीइतका सुंदर नव्हता. शेळ्या भिंतीत अडकत होत्या. नकाशा म्हणजे आंधळी कोशिंबीर. मुलगी पायऱ्या चढताना हवेत चालत होती. यातलं एकही त्याला आठवत नव्हतं. कुणी परगावी गेलेल्या माणसाचं घोरणं विसरून जावं, तसं तो सगळं विसरून गेला होता.

मग होडीचा धक्का आला. नावाडिणीनं होडी पाण्यात लोटली. होडी संथ, फार संथ चालली. आता त्याला कारण कळलं. जुन्या यंत्राला पैलतीराचं चित्र उभं करायला वेळ लागायचा, म्हणून होडीला रेंगाळत ठेवलेलं होतं. वल्ही बादलीतल्या पाण्यात चुबुक चुबुक वाजत होती. नावाडीण गप्प होती.

तो काठाला गेला, परत फिरला, पुन्हा होडीत बसला. वल्ही. पाणी. पुन्हा फिरला. तिसऱ्या खेपेला होडी निघाली तेव्हा त्याचे हात आपोआप सैल झाले. त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. आणि मान, त्यानं न सांगता, डावीकडे वळली.

डावीकडे भिंत होती.

पण त्या एका खोलीच्या घरात डावीकडे खिडकी होती. खिडकीखाली चटई. चटईवर ती बसायची, मांडीवर शर्टांचा ढीग, ओठांत सुई. होडी निघाली की तो कंट्रोलर ठेवायचा आणि तिच्याकडे बघायचा, कारण दुसरं करण्यासारखं काही नसायचं. ती ओठातली सुई काढायची आणि गायची. मान वर न करता. होडी काठाला लागेपर्यंत.

स्क्रीनवरची मुलगी पैलतीरावर उभी राहून कंटाळली, तिनं एक पाय दुसऱ्या पायाला घासला.

मग त्यानं दुसरा भाग लावला. या वेळी कान न टवकारता खेळला. जणू या नदीवर आधी कुणी गेलंच नव्हतं. होडी झपकन पैलतीराला लागली. मुलगी उतरली, चार पावलं गेली आणि मागं वळून तिनं म्हातारीला हात केला. म्हातारीनं वल्हं उचलून जबाब दिला. आठवडाभर तो इथूनच शंभरदा गेला असेल, पण हे त्याला दिसलं नव्हतं. तो गाण्याची वाट बघत होता ना.

त्यानं संपादकबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"मास्तर, एकदा दिलेले मार्क आपण बदलत नाही. उद्या जो तो रडत दारात येईल."

"कुणी रडत आलेलं नाही. जे नव्हतंच, ते नाही म्हणून मी मार्क कापलेत. हा न झालेल्या चोरीचा दंड झाला."

"आणि बाकीचे तिघं?"

"त्यांनी माझं ऐकून लिहिलं. मी खोडलं की तेही खोडतील, नाही खोडलं तर त्यांना विचारा, सूर कुठले होते ते."

बाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "ठीक. नव्यानं लिही. पण मग गाणं कुणाचं, तेही लिहावं लागेल. नाहीतर लोक जन्मभर शोधत बसतील आणि त्या पाच जणांच्या मागे लागतील."

त्यानं लिहिलं. जे आवडलं नाही ते तसंच ठेवलं. शेवटचा टप्पा घाईत उरकलाय, तो घाईतच म्हटला. मार्क आठ दिले. संगीत करणाऱ्या बाईला फोन करून चूक आपली होती म्हणून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सुटले बाई, मला वाटलं वय झालं." लेखात एक ओळ मात्र त्यानं मोकळी सोडली, आणि रस्ता ओलांडून कारखान्यात गेला.

कारखान्यात तीन मशिनं. एकावर सगळ्यांची मावशी बसलेली, सैल चष्म्यातून वर बघत.

"या या, जावईबापू! आज सूर्य कुठून उगवला? बटण तुटलं वाटतं."

"बटण नाही मावशी, मीच उसवलोय थोडा."

"मग टाका घालायला आमची मालकीण आहे. बसा."

बायको मोठ्या टेबलाशी उभी होती, गळ्यात मापाची पट्टी. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं कात्री खाली ठेवली.

"नावाडीण गात नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"तुला माहीत होतं."

"माझं गाणं मला माहीत नसेल होय?"

"मग मी वाचून दाखवलं तेव्हा का नाही बोललीस? 'परंतु' मोजत बसलीस."

तिनं कापडाची घडी घातली. पुन्हा उलगडली. "तू लिहिलं होतंस, आवाज गेला आणि नदी ओकीबोकी झाली. मला वाटलं, तू मुद्दाम लिहिलंयस. मला सांगायला. तोंडानं बोलता येत नाही तुला, म्हणून." ती किंचित हसली. "मग वाट बघितली, की विचारशील. नाही विचारलंस, तेव्हा कळलं की तुला खरंच म्हातारीचं वाटतंय. म्हटलं, असू दे. कुणाच्या का नावानं होईना, राहिलंय तर खरं."

"त्यापायी त्या लोकांचं काम जात होतं."

"ते मला नव्हतं रे ठाऊक. ठाऊक असतं तर त्याच दिवशी बोलले असते. आता?"

"आता लिहिलंय नीट. एक ओळ राहिलीय. गाणं कुणाचं, ती. घालू?"

"'बायकोचं' एवढंच घाल. पुढं काही नको."

"बरं."

मावशीचं मशीन केव्हाचंच थांबलं होतं. ती दोऱ्याचं रीळ शोधायचं सोंग करत होती.

तो जायला वळला, पण गेला नाही. "नंतर गायची का थांबलीस गं? नव्या घरात आल्यावर? यंत्र नवं आलं, होडी जोरात जायला लागली, म्हणून?"

"होडीचा काय संबंध?" ती म्हणाली.

"मग?"

तिनं गळ्यातली पट्टी काढली आणि बोटांभोवती गुंडाळायला लागली. सावकाश, एकावर एक, अगदी नीट.

"तू हेडफोन आणलास," ती म्हणाली. "मी गात होते आणि तू उठलास, खोक्यातून तो काढलास, आणि कानांवर चढवलास. माझ्याकडे बघून हसलासही. मला वाटलं, माझा त्रास होतो तुला."

"अगं, तुझं डोकं दुखायचं दिवसभर मशीन चालवून. गेमचा आवाज तुला नको म्हणून..."

"असेल. आता कळलं ते," ती म्हणाली. "पण मी एवढ्या वर्षांत बोलले नाही, ते आज बोलते. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं."