सापडलं एकदाचं

सापडू दे, एवढंच मी म्हणत होते. लोक घर तपासून घेतात ते काही सापडू नये म्हणून. मला मात्र भिंतीत, दिव्यात, पलंगाखाली, कुठंही चाललं असतं, पण चोरून ऐकणारं एखादं यंत्र निघायलाच हवं होतं. ते नाही निघालं, तर आमच्या जेवणाच्या टेबलावरचं बोलणं साहेबाच्या कानावर घालणारा माणूस होता. आणि माणसं दोनच उरत होती. एक माझा नवरा, दुसरा माझा भाऊ.

झालं होतं ते असं. आमचे हे आणि माझा धाकटा भाऊ एकाच कारखान्यात, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या. भावाला यांनीच तिथं चिकटवला. गेल्या महिन्यात पगारवाढीवरून वातावरण तापलं आणि चौघांनी आमच्या घरी बसून ठरवलं की सोमवारी सकाळच्या पाळीला मशीन चालूच करायची नाही. चौघं म्हणजे हे, भाऊ, साचे बसवणारा एक जुना कारागीर, त्याला सगळे साचेवालाच म्हणतात, आणि पॅकिंगमधला जाड्या. मी चहा केला. सासूबाई आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होत्या. दुसऱ्याच दिवशी साहेबानं साचेवाल्याला आणि जाड्याला कामावरून काढलं, बाहेरून माणसं आणली आणि सोमवारची पाळी बिनबोभाट सुरू झाली. कोण काय बोललं ते साहेबाला शब्दन् शब्द माहीत होतं. चहात साखर किती होती तेवढं सांगायचं त्यानं बाकी ठेवलं.

हे आणि भाऊ कामावर राहिले. उभ्या आयुष्यात कुणाशी वाकड्यात न शिरलेल्या माणसावर कोण संशय घेणार? सगळ्यांची बोटं भावाकडे वळली. तो तरुण, तोंडानं फटकळ, त्यात नुकतीच नवी स्कूटर घेतलेली. लोकांच्या हातात आयतं कोलीतच मिळालं.

तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा यांना म्हणाला, "भावोजी, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुम्ही मला ओळखता."

हे ताटाकडे बघत राहिले.

"भावोजी?"

"मी काय सांगणार," हे म्हणाले. "तुझी बाजू घेतली तर म्हणतील, मेव्हणा म्हणून बोलतोय."

भाऊ भरल्या ताटावरून उठला. अशा वेळी कुणीतरी हात धरून थांबवायचं असतं. मी हातात पळी घेऊन उभी राहिले. त्यानंतर त्यानं आमचा उंबरा ओलांडला नाही, माझा फोनही उचलला नाही.

त्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही. दात काढताना गाल बधिर करतात ना, तसं. हात लावला की गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही. मी कामावर जात होते, येत होते, पोळ्या लाटत होते, आणि यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

माझं काम हॉटेलात, खोल्या तपासण्याचं. पोरींनी साफ केलेली खोली पाहुण्याला द्यायच्या आधी मी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवते. भाऊ म्हणूनच मला इन्स्पेक्टर म्हणतो. मागे एका पाहुण्यानं कुरकूर केली तेव्हा मालकानं खोल्यांमध्ये छुपी यंत्रं शोधणारा एक माणूस बोलावला होता. त्याचा नंबर माझ्याकडे होता. शनिवारी मी यांना म्हटलं, "आपल्या घरात कुणी काही बसवलं असेल तर?"

हे हसले. "आपण काय मंत्री लागून गेलो?"

"पुढच्या खोलीतला दिवा दुरुस्त करायला कारखान्यातला वायरमन आला होता की. तुम्हीच आणला होतात. तोही साहेबाचाच माणूस."

यांनी मान वर करून दिव्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बघ बोलावून. पण लगेच नको, दोन-चार दिवसांनी."

मी गुरुवार ठरवला.

रविवारी यांची डबल पाळी होती. हे गेल्यावर मी घर काढलं. परका माणूस येऊन कानेकोपरे उचकणार, आणि त्याला माझ्या घरात जळमट दिसलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. माळा झाडला, पंख्याची पाती पुसली, कपाट भिंतीपासून ओढलं. पुढच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं होतं. तेही उतरवून मागून-पुढून पुसलं, नवा सेल घातला आणि परत टांगलं. सासूबाईंचा गुडघा गेलेला, त्यांना न्हाणीघराची पायरी चढवत नाही, पण खाली उभं राहून त्यांनी स्टूल धरलं होतं.

"सून आहेस की नगरपालिका?" त्या म्हणाल्या.

"नगरपालिका असते तर एवढं साफ झालं असतं का, आई?"

गुरुवारी तो माणूस आला. निळे कपडे, हातात हत्यारांची पेटी, फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांसारखा. त्यानं आम्हाला आधी जिन्यात बोलावलं.

"आत गेल्यावर या विषयावर एक अक्षर काढायचं नाही. मी फ्रिज बघायला आलोय. पण गप्पही बसू नका. काही यंत्रं आवाज झाला की मगच जागी होतात, आणि जागी झाली की माझ्या मीटरला कळतात. तेव्हा नेहमीसारखं बोलत राहा."

नेहमीसारखं. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे.

तो आत शिरला, मीटर काढलं आणि भिंतीच्या कडेकडेनं फिरवायला लागला.

"नळ गळतोय," मी म्हटलं.

"वायसर गेला असेल," हे म्हणाले.

"हो."

झालं, संपलं. त्या माणसानं मागे वळून हातानं खूण केली, बोला, बोला.

"कांदे महाग झालेत."

"हो का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि एका भिंतीला ऐकवायला आमच्याकडे कांदे आणि नळ. शेवटी सासूबाई धावून आल्या. भिंतीपलीकडे साहेब कान लावून बसला असेल हे त्यांना कळलं होतं, एवढंच त्यांना पुरलं. खोलीच्या मधोमध खुर्ची ओढून त्यांनी साहेबाचा उद्धार सुरू केला. टकलापासून सुरुवात करून त्या त्याच्या बुटांपर्यंत आल्या. विषयाबद्दल बोलायचं नाही हे त्यांनी कसोशीनं पाळलं. साहेबाला शिव्या देणं हा त्यांच्या मते तो विषय नव्हता.

त्या माणसानं बटणांच्या पाट्या उघडल्या, आत बॅटरी मारून बघितलं, पलंग उलटा केला. घरात लपवलेली पहिली वस्तू निघाली ती सासूबाईंच्या गादीखाली. बिस्किटांचे पुडे. डॉक्टरनी त्यांचं गोड बंद केलंय. त्यांनी पुड्यांकडे परक्यासारखं बघितलं. मग म्हणाल्या, "हे पण साहेबानंच ठेवलं असेल."

हे हसले. तो माणूस हसला. हसण्यासारखं आहे हे मलाही दिसत होतं, पण हसू आलं नाही.

दिवा उघडून झाला. त्यात काही नव्हतं. तो स्टुलावरून उतरला, पेचकस पुसून पेटीत ठेवायला लागला. नाहीच आहे, मी मनात म्हटलं. म्हणजे माझा भाऊच.

तेवढ्यात हे म्हणाले, "अहो, फ्रिज झाला असेल तर जरा ते घड्याळ पण बघा. मागे पडतंय."

घड्याळ मागे पडत नव्हतं. नवा सेल होता त्यात.

त्यानं मीटर वर धरलं आणि काटा हलला. स्टूल परत मांडलं, घड्याळ उतरवलं, उलटं केलं आणि काही न बोलता आमच्यासमोर धरलं. सेलच्या खणाशेजारी नखाएवढी काळी डबी चिकटपट्टीनं चिकटवलेली होती. त्यानं ती काढली, तिच्यातली बारकी बॅटरी सोडवली आणि म्हणाला, "आता बोला मोकळेपणानं."

"सापडलं एकदाचं," हे म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"बाजारात मिळतं हे, कुणीही घेऊ शकतं," तो म्हणाला. "पण याची बॅटरी भरलेली आहे अजून. ती चार-आठ दिवसांच्या वर टिकत नाही. कुणाचं येणं-जाणं आहे घरात?"

"वायरमन," हे लगेच म्हणाले. "तोच असणार."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघत होते. "ते तुम्ही बघा," म्हणून त्यानं पेटी उचलली.

रविवारी ते तिथं नव्हतं. घड्याळाची मागची बाजू मी ओल्या फडक्यानं पुसली होती, माझ्या बोटांना तिचा कोपरा न् कोपरा माहीत होता. वायरमन येऊन गेला त्याला कितीतरी महिने झाले. भाऊ महिनाभर घरात पाऊल टाकत नव्हता. रविवारपासून या घरात आम्ही तिघंच, आणि सासूबाईंच्यानं स्टुलावर चढवत नाही.

मग मला चौघं बसले होते ती संध्याकाळ आठवली. सगळे गेल्यावर हे म्हणाले होते, "जरा पाय मोकळे करून येतो." आले तेव्हा जेवण पार निवलं होतं. मी परत गरम केलं होतं.

वाईट माणूस नाही तो. घाबरट आहे. साहेबानं खोलीत बोलावून खुर्चीत बसवलं असेल, आवाज चढवला असेल, आणि हे बोलून गेले असतील. पुढे माझ्या भावाला सगळ्यांनी टोचून खाल्लं तरी हे ताटाकडे बघत राहिले. आणि आता दुकानात जाऊन ही डबी विकत आणली, माझी पाठ वळल्यावर स्टुलावर चढून चिकटवली, का? तर माझा भाऊ मला परत मिळावा म्हणून. दोन्ही एकाच माणसानं केलं. यातल्या कुठल्या गोष्टीसाठी काय वाटून घ्यायचं ते मला कळेना, आणि म्हणून काहीच वाटलं नाही.

"बघ, सुटला तुझा भाऊ," हे म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. "त्याला फोन कर. नाही, मीच करतो. माफी मागतो त्याची."

संध्याकाळी तो आला. साचेवाला आणि जाड्याही आले. दारातच साचेवाल्यानं त्याला मिठी मारली, "चुकलो रे पोरा," म्हणाला, आणि भाऊ फटकळपणा विसरून लहान मुलासारखा रडला. मग यांनी त्याचे दोन्ही हात धरले. भाऊ म्हणाला, "जाऊ द्या भावोजी, तुमचा तरी काय दोष?"

ती डबी टेबलावर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरली. साचेवाल्यानं ती शेवटी रुमालात बांधून खिशात ठेवली. "आता वकिलाला दाखवतो. कामगारांच्या घरात यंत्रं लावतात म्हणजे काय! झक मारत परत घेतील आम्हाला."

मी वाढत होते. भावानं दोनदा भाजी मागून घेतली. महिनाभरात वाळला होता पोरगा. तिसऱ्यांदा ताट पुढे करताना त्याला माझी चेष्टा करायची लहर आली.

"पण काय गं ताई, तू तर इन्स्पेक्टर. पाहुण्यांच्या चौकटीवरची धूळ तुला दिसते आणि स्वतःच्या घड्याळामागचं एवढं धूड दिसलं नाही? कधी पुसतेस की नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेही. यांचा घास हातातच राहिला होता.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. स्टूल त्यांनी धरलं होतं. त्या नजरेत मला दिसलं की त्यांचाही हिशोब लागलाय, आणि कुणाच्या नावावर लागलाय तेही त्यांना कळलंय.

"तिला कुठला वेळ," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर राबते हॉटेलात. घर काढीन काढीन म्हणते, राहूनच जातं."

साहेबाला टकलापासून बुटापर्यंत सोलणारी बाई, आणि एवढं बोलून ताटात बघायला लागली. पोरगा होता तिचा.

माझा पण भाऊ होता. तो समोर बसून जेवत होता.

"हो ना," मी म्हटलं. "उंच आहे रे ते. पुसायचं राहूनच जातं."

"म्हणजे इन्स्पेक्टरच्या घरी अंधार," जाड्या म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. इतक्या वर्षांत माझ्या घराला कुणी अस्वच्छ म्हटलं नव्हतं. भाऊ सगळ्यांत जास्त हसला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी.

ते गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. हे फडकं घेऊन शेजारी उभे राहिले आणि पुसायला लागले. एरवी कधी पुसत नाहीत. आतून सासूबाईंच्या रेडिओचा आवाज येत होता.

"ते घड्याळ काढून टाकू या का?" हे म्हणाले. "आता बघवत नाही त्याच्याकडे. नवं आणू."

"राहू दे," मी म्हटलं. "चांगलं चाललंय. रविवारीच पुसून नवा सेल घातलाय मी. आईंनी स्टूल धरलं होतं."

यांचा हात थांबला. आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला. मी पुढचं ताट घेतलं. भावाचं होतं, चाटूनपुसून खाल्लेलं. त्यात घासण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी मी ते घासत राहिले.